काविळीचे हरीनाना

तारकर्लीच्या हरिश्चंद्र कुबलांना हरिश्चंद्र म्हणून हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. ती गेल्यावर ते सगळ्यांचे हरीनाना झाले, आणि देवबाग, वायरीपासून पार आचऱ्यापर्यंत 'काविळीचे हरीनाना'. नुसतं नाव ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थाला कायमची कावीळ आहे. प्रत्यक्षात नाना उन्हात भाजून काळे-तांबूस झालेले, ठणठणीत, पोट किंचित पुढे आणि मिशी त्याहून पुढे.

तरुणपणी ते फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल म्हणजे कप्तान होते. कौलं आणि नारळ भरून मुंबईला जायचं, तिथून मीठमसाला घेऊन यायचं. एकदा शीड उतरवताना पाय मोडला, जोडला तो वाकडाच, आणि दर्या सुटला. घरी बसलेला तांडेल म्हणजे घराला मोठा ताप. हुकूम सोडायची सवय जात नाही, आणि झेलायला खलाशी कोण, तर एकटी बायको. सुभद्राबाईंनी पावसाळा संपेतो सोसलं आणि मग एके दिवशी विळीवरून न उठता म्हणाल्या, "ओ, ह्यां माझां घर आसा. तुमचां गलबत न्हय."

नाना रागावून आचऱ्याला मामाकडे निघून गेले. परत आले ते काविळीची विद्या घेऊनच.

विद्या अशी होती. वाळूत पसरणाऱ्या एका वेलीच्या कांड्या आणायच्या, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, सुताच्या सैल गाठींत एकेक ओवायचा आणि हार करायचा. हार आधी रोग्याच्या डोक्यावर बसण्यापुरता असतो. मग तो वाढतो, कपाळावरून गळ्यात उतरतो, गळ्यातून पोटापर्यंत येतो. हार उतरला तशी कावीळ उतरली. कांड्या वाळून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात आणि सूत लांबतं, हे ज्याला दिसायचं त्याला दिसत असेल. नानांना त्यात मामाचा हात दिसायचा. वेल कोणती, हे गुपित होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, पण नानांसमोर कोणी तसं दाखवत नसे.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हाराला कधी यश यायचं, कधी नाही. नाही आलं की नाना विचारत, "मधी मासो खाल्लंस काय?" मालवणच्या किनाऱ्यावर ह्या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस मिळणं कठीण, त्यामुळे दोष कायम रोग्याकडेच राहायचा. लहान बाळांच्या बाबतीत मात्र त्यांचा हार एकदाही चुकला नव्हता. गावात जन्मलेली निम्मीअधिक पोरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी दिसू लागत. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर हळदीचा हात फिरल्यासारखं व्हायचं. मग कोणीतरी नानांकडे धावत यायचं. नाना अंगात स्वच्छ सदरा घालून जायचे, बाळाच्या डोळ्यांत बघून 'हं' करायचे, हार घालायचे, जिभेवर पाल्याच्या रसाचा थेंब सोडायचे आणि सांगायचे, "आता ती खाली खाली येतली. तळव्याक इली की समजा भायर पडली." आठवडा-दीड आठवड्यात पोर गोरंगोमटं व्हायचं, नाहीतर आपल्या घराण्याच्या रंगावर जायचं. नानांच्या दारात नारळ यायचा.

असं चाललेलं असताना मालवणच्या बाजारात डॉक्टर गुरुदास नाबरांनी दवाखाना उघडला. मूळचे परुळ्याकडचे, मुंबईत शिकलेले, घरी मालवणी बोलणारे आणि दवाखान्यात मात्र पुस्तकासारखं. नाना त्यांच्याकडे गेले ते वाकडा पाय दुखायला लागला म्हणून. डॉक्टरांनी पाय बघितला, तेल चोळायला सांगितलं आणि मग हात धुता धुता म्हणाले, "काविळीचे हरीनाना ते तुम्हीच ना? लहान बाळांना हार घालता म्हणे."

नाना खुर्चीत ताठ झाले. "घालतंय. आजपावत एक चुकलो नाय."

"चुकणार कसा? ती कावीळ आपोआप उतरते."

नानांनी पाय खाली घेतला. डॉक्टर काही चिडवत नव्हते. त्यांना समजावून सांगायची हौस होती, आणि दवाखाना नवा असल्यामुळे वेळही होता. ते म्हणाले, "पोटात असताना बाळाच्या अंगात रक्त दाट असतं. जन्मल्यावर त्यातलं बरंच मोडतं. मोडताना एक पिवळा पदार्थ निघतो, त्याला बिलिरुबिन म्हणतात. तुमच्याआमच्या अंगातही तो रोज निघतो, पण आपलं यकृत तो पित्तात सोडतं आणि शौचावाटे बाहेर घालवतं. बाळाचं यकृत नवशिकं. सुरुवातीला त्याला काम झेपत नाही, म्हणून पिवळं अंगात साठतं. त्याचा हात बसला की उतरतं. तोवर बाळाला वरचेवर आईचं दूध मिळालं पाहिजे. आपल्याकडे पहिला चीक पिळून टाकतात आणि गुळाचं पाणी पाजतात, ते बंद करा. आणि तुमचा तो रसाचा थेंबही."

"काय म्हटलात नाव? रूबीण?"

"बिलिरुबिन."

"नाव गोव्याकडचां दिसता," नाना म्हणाले. त्यांना थट्टा करायची होती, पण डॉक्टरांनी ती घेतली नाही.

"एक लक्षात ठेवा, नाना. बाळाच्या कातडीवर अंगठा दाबून सोडलात की खालचा खरा रंग दिसतो. पिवळेपण आधी तोंडावर येतं. वाढलं की छातीवर, मग पोटावर आणि फार वाढलं की तळव्यांवर. तुम्ही लोकांना उलटं सांगता. तळव्यांना आली म्हणजे बाहेर पडली नाही, तळव्यांना आली म्हणजे भरली. पहिल्याच दिवशी बाळ पिवळं झालं, किंवा तळवे पिवळे झाले, किंवा दूध ओढेना, नुसतं मलूल पडून राहिलं, तर हार करत बसू नका. बिलिरुबिन मेंदूत शिरलं की पोर दगावतं, नाहीतर जन्माचं अधू होतं."

नानांनी 'बरां' म्हटलं, पायाचं तेल घेतलं आणि घरी येऊन सुभद्राबाईंना सांगितलं की डॉक्टर बरा आहे, फक्त लहान आहे.

पण बोलणं डोक्यात राहिलं. त्यात पुढच्याच वर्षी लवू तांडेलाच्या सुनेला, यशोदेला, जुळे मुलगे झाले. दोन्ही पिवळे. नाना गेले तेव्हा जवळ एका हारापुरत्याच कांड्या होत्या. त्यांनी थोरल्याला हार घातला, धाकट्याचा उद्या आणतो म्हणाले, आणि घरी येऊन तापाने जे पडले ते आठवडाभर उठले नाहीत. उठल्यावर काठी टेकत, ओशाळून लवूच्या घरी गेले, तर धाकटा पाळण्यात स्वच्छ डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडलेला. थोरल्याच्या गळ्यात हार होता आणि त्याच्या डोळ्यांत अजून पिवळी झाक होती.

लवूने त्यांना बसायला पाट दिला. "नानांनू, काय हार तुमचो! एकाक घातलात आनी दोघांकय लागलो. एकाच पाळण्यात आसत ना."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "तां तसांच आसता," ते म्हणाले. यशोदेने दिलेला नारळही घेतला. घरी परतताना वाटेत मात्र दोनदा थांबले. धाकट्याला हार लागला तो पाळण्यामुळे, हे एक वेळ चालेल; पण थोरल्याच्या आधी कसा लागला, ह्याचा उलगडा त्यांना होईना. सुभद्राबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा, "नारळ नासको दिसता," एवढंच बोलले.

ह्यानंतर नानांनी बाळांना रसाचा थेंब देणं सोडलं. कारण विचारलं तर पाला हल्ली चांगला मिळत नाही म्हणायचे. आणि कोणी बघत नाहीसं पाहून ते बाळाच्या कपाळावर, छातीवर अंगठा दाबून बघू लागले.

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नानांची लेक शेवंती बाळंतपणाला माहेरी आली. तिला कणकवलीला दिलेली, नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान. पहिला मुलगा सुखरूप झाला होता, त्यामुळे कोणाला काळजी नव्हती. गावच्या सुईणीने, राधाबाईने, सकाळच्या प्रहरी मुलगी हातात दिली. मुलगी रडली, सगळे हसले, नानांनी वाडीत साखर वाटली.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी नाना नातीला बघायला आत गेले, आणि दारातच थांबले. उन्हाची तिरीप बाळाच्या तोंडावर आली होती. त्यांना वाटलं, उन्हाचाच रंग असेल. त्यांनी पाळणा सावलीत ओढला. रंग तसाच राहिला.

"पिवळां पडलां वाटता," राधाबाई म्हणाली. "तुमच्या घरातच औषध आसा. नशीबवान पोर."

"पयल्याच दिवशी?" नाना म्हणाले.

"पयलो काय नि तिसरो काय. हार करा."

नाना वाळूत गेले, कांड्या घेऊन आले आणि ओट्यावर बसून हार ओवू लागले. हात सवयीने चालत होते. पण गाठीवर गाठ बसेना. सकाळी पुन्हा आत गेले तेव्हा शेवंती रडवेली झाली होती. बाळ दूध ओढत नव्हतं. तोंडाला लावलं की दोन घोट घ्यायचं आणि मान टाकायचं. नानांनी दुपट्याच्या टोकातून इवलासा पाय बाहेर काढला आणि तळव्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला. खाली पिकल्या काजूच्या बोंडासारखं पिवळं होतं.

सुभद्राबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. "तळव्याक इली," त्या हायसं वाटून म्हणाल्या. "म्हणजे आता भायर पडतली. तुमीच सांगतात ना?"

आयुष्यभर वाडीवाडीत सांगितलेलं वाक्य असं बायकोच्या तोंडून समोर येऊन उभं राहील, हे नानांना कधी वाटलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. हार तयार होता.

"मी चुकीचां सांगतंय," नाना म्हणाले. "शेवंतीक उठव. बैलगाडी जोडूक सांग. डॉक्टराकडे जावचां आसा."

सुभद्राबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या तोंडून 'चुकीचां' हा शब्द स्वतःबद्दल आलेला त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. त्या शेवंतीला उठवायला गेल्या.

डॉक्टर नाबरांनी बाळाला खिडकीशी नेऊन बघितलं आणि लगेच आपली जुनी मोटार काढायला सांगितली. "इथे काही होणार नाही. पणजीला न्यायचं. रक्त तपासावं लागेल, बहुधा बदलावं लागेल."

"रक्त बदलूचां?"

"आईच्या आणि बाळाच्या रक्ताचा गट जुळत नसावा. पहिल्या वेळी निभावतं, दुसऱ्या वेळी आईचं रक्त बाळाच्या रक्ताला परकं समजतं आणि मोडत सुटतं. एवढं मोडलं की पिवळं किती साठेल विचार करा."

"आवशीक आपलांच पोर परक्यां?" नाना म्हणाले.

"शेवंतीला नाही हो. तिच्या रक्ताला. त्याला काय कळतंय?"

डॉक्टर स्वतः बरोबर निघाले. मागच्या बाजूला शेवंतीला आडवं केलं, सुभद्राबाई बाळाला घेऊन तिच्या पायाशी, पुढे नाना. कुडाळ, सावंतवाडी, बांदा मागे पडलं. वाटेत डॉक्टर दर थोड्या वेळाने गाडी थांबवून बाळाच्या ओठांवर आईचं दूध पिळायला लावत होते. बेतीच्या धक्क्यावर मोटार फेरीबोटीत चढली तेव्हा नाना सवयीने बोटीच्या नाखव्याला वाऱ्याची दिशा सांगू लागले, आणि सुभद्राबाई एवढ्या काळजीतही म्हणाल्या, "गप बसा. ही तेची बोट आसा."

पणजीच्या मोठ्या इस्पितळात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. थोड्या वेळाने तिथला डॉक्टर आकडा घेऊन आला. बिलिरुबिन वीसच्या वर गेलं होतं. वीसपर्यंत गेलं की आम्ही थांबत नाही, तो म्हणाला, आणि हिला तर दोन दिवसही पुरे झालेले नाहीत. नानांना दुसरं काही कळलं नाही तरी आकडा कळला. आयुष्यभर त्यांनी आकड्यानेच पाण्याची खोली ओळखली होती.

बाळाला घालायचं रक्त आईच्या रक्ताला परकं वाटून चालणार नव्हतं, म्हणून सगळ्यांचं तपासलं. नानांचं लेकीशी जुळलं. "म्हणजे माझां रक्त पोरीक चलता?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, आणि छाती काढून टेबलावर आडवे झाले. चक्रीवादळात सुकाणू धरून उभा राहिलेला हा तांडेल सुईकडे बघून दंडाला पट्टा बांधतानाच बेशुद्ध पडला. रक्त त्यांचं तसंच घेतलं गेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारलं, "सुभद्रेन बघल्यान काय?" सुभद्राबाईंनी दारातूनच बघितलं होतं, आणि मरेपर्यंत त्या ते विसरल्या नाहीत.

बाळाच्या बेंबीच्या शिरेत बारीक नळी घातली होती. जरासं रक्त काढायचं, तेवढंच नवं घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. घाईचं काम नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या नानांना डॉक्टर नाबर ते सांगत होते आणि नाना मान हलवत होते. अचानक ते म्हणाले, "डॉक्टरांनू, होडी उन्हात रवली की तेची फळी सुकता. दर्यात घातली की पयले काय दिवस पाणी घेता. तेच्यात भियाचां काय नाय. फळी फुगता, सांधो मिटता, पाणी थांबता. आमी वायच उपसत रवतंव. पण घातल्या घातल्या पाणी गुडघ्याक लागलां, तर समजूचां, खंयतरी भोक आसा. मगे फळी फुगाची वाट बघी रवलो तो मेलो."

डॉक्टर नाबर बाकावर त्यांच्याकडे वळले. "हेच मी तुम्हाला दवाखान्यात सांगत होतो," ते म्हणाले.

"तुमी होडीचां खंय सांगितलात?" नाना म्हणाले. "तुमी त्या रूबीणीचां सांगितलात."

आकडा उतरला. मधेच एकदा पुन्हा चढला, तेव्हा परत रक्त बदलावं लागेल की काय म्हणून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो आपणहून खाली आला, आणि त्या दिवशी मुलीने आईला असं काही ओढलं की शेवंती कळवळली आणि हसली.

परतताना ते एस.टी.ने आले. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्यातून दारू येते म्हणून तिथे सगळ्यांचं सामान उघडून बघत. सुभद्राबाईंच्या मांडीवर शालीत घट्ट गुंडाळलेलं काहीतरी बघून पोलिसाने विचारलं, "ह्यात काय आहे?"

"बाटली नाय," नाना म्हणाले. "नात आसा."

पोलिसाने शाल बाजूला केली. नात खरोखरच निघाली, आणि तिने त्याच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. तो वरमला, आणि सहज बोलावं तसं म्हणाला की त्याच्या घरीही बाळ आलंय, जरा पिवळं आहे. एवढं पुरे होतं. कितव्या दिवशी पिवळं झालं, पितं का, तळवे बघितले का, चीक पाजला की फेकला, नानांनी एकेक विचारून घेतलं आणि मग होडीचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मागच्या बाकावर एक माणूस पिशवी पोटाशी धरून बसला होता, त्याची तपासणी राहूनच गेली. तो पुढे सावंतवाडीला उतरताना नानांना वाकून नमस्कार करून गेला.

घरी आल्यावर लोकांना वाटलं, नाना आता हार सोडणार. नानांनी तो सोडला नाही. लोक यायचेच, आणि हात हलवत घरी पाठवलं तर रुसायचे. पण आता हाराच्या आधी चौकशी व्हायची. पहिल्याच दिवशी पिवळं, तळवे पिवळे, पोर पिईना, ह्यातलं काहीही निघालं की नाना हार करायला साफ नकार द्यायचे आणि समोर उभे राहून माणसांना मालवणच्या वाटेला लावायचे. बाकीच्यांना हार द्यायचे, पण गळ्यात नाही, पाळण्याला बांधायला, आणि आईला सांगायचे, "पाजत रव. पोर जितक्या हागतलां तितकी ती भायर पडतली." नानांच्या हाराचा जोर गेला, असं वाडीतली म्हातारी माणसं म्हणू लागली. कोणी म्हणालं, डॉक्टराने त्यांना फितवलं. नारळ मात्र पूर्वीइतकेच यायचे.

दोनेक वर्षांनी एका दुपारी डॉक्टर नाबरांची मोटार नानांच्या दारात थांबली. डॉक्टर उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि ओट्यावर येऊन टेकले. त्यांच्या पत्नीला मुलगा झाला होता, हे नानांना ठाऊक होतं. बाळंतपणासाठी वेंगुर्ल्याहून त्यांच्या सासूबाई, आनंदीबाई, येऊन राहिल्या होत्या, हेही.

"बाळ जरा पिवळं आहे," डॉक्टर म्हणाले. "काही विशेष नाही. मी बघितलंय. पण सासूबाई ऐकत नाहीत. काल त्यांनी जेवण सोडलं."

"कधीपासून पिवळां?" नानांनी विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून."

"पिता बरां?"

"पितं हो, नाना."

"तळवे बघलात?"

डॉक्टरांनी नानांकडे बघितलं. नानांच्या तोंडावर थट्टेचं चिन्ह नव्हतं. "बघितले," डॉक्टर म्हणाले. "स्वच्छ आहेत."

नानांनी स्वच्छ सदरा घातला आणि मोटारीत बसले. मालवणला जाऊन त्यांनी बाळाच्या डोळ्यांत बघितलं, कपाळावर, छातीवर, पोटावर अंगठा दाबला, 'हं' केलं आणि पाळण्याच्या कडीला हार बांधला. आनंदीबाईंना तो गळ्यात हवा होता. नानांनी गंभीरपणे सांगितलं की डॉक्टराच्या मुलाला तो पाळण्यावरूनच लागतो. आनंदीबाई त्या रात्री पोटभर जेवल्या.

मुलगा आठवड्याभरात निवळला. आनंदीबाई वेंगुर्ल्याला परतल्या आणि घराघरात सांगू लागल्या की जावई एवढा शिकलेला, पण शेवटी गुण आला तो तारकर्लीच्या हाराने. त्या महिन्यात वेंगुर्ल्याकडून नानांकडे तीन बाळं आली. त्यातलं एक तळव्यांपर्यंत पिवळं होतं. ते नानांनी ओट्यावर टेकूसुद्धा दिलं नाही, तसंच मालवणच्या वाटेला लावलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांची गाठ पडली तेव्हा नाना म्हणाले, "तुमच्याकडच्या हाराचां मी कोणाक कायएक बोललंय नाय हां."

"मीही नाही," डॉक्टर म्हणाले. "ते बाळ पणजीला पोचलं. आकडा उतरतोय."

नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी दुखरा पाय डॉक्टरांपुढे केला.